दोन कलमे आणि खिशातला एक चाकू

प्रश्न थोडक्यात असा आहे. सदाशिव पेठेत राहणाऱ्या आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाला आजोबांच्या ट्रंकेत दोन पात्यांचा मिटता चाकू सापडला. मूठ हस्तिदंतासारखी पिवळसर आहे, पाती गंजली आहेत आणि एका पात्याच्या मुळाशी मुकुट व काही इंग्रजी अक्षरे पुसट दिसतात. हा चाकू रोज खिशात ठेवावा असे त्याला वाटते. त्या निमित्ताने असे जुने चाकू जमवायचेही त्याच्या मनात आहे. आई म्हणते, चाकू घेऊन फिरणे बरे नव्हे, पोलीस धरतील. तर सुरुवात कुठून करावी?

बाकी सगळे नंतर. तो चाकू घासू नका. पॉलिश पेपर, ब्रासो, लिंबू-मीठ, चिंच यांतले काहीही नको. पात्याच्या मुळाशी, मूठ सुरू होते तिथे जी अक्षरे आहेत ती त्या चाकूची जन्मपत्रिका आहे. ती फार खोल ठोकलेली नसतात. हौसेने दहा मिनिटे घासले की ती जातात आणि परत येत नाहीत. असे चकचकीत आणि मुके झालेले चाकू मी इतके पाहिले आहेत की हे आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

गंज असा काढा. दोन्ही पाती मिटलेली असतील तर ती जोर लावून उघडू नका. सांध्यात पातळ मशीन ऑइलचे चार थेंब सोडा आणि चाकू सांधा वर करून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार थेंब. तीन-चार दिवसांनी पाते थोडे हलू लागेल. मग नखाची खाच असते तिथे जाड चामड्याचा तुकडा धरून सरळ ओढा. पक्कड लावू नका, खाचेचा काठ तुटतो. उघडल्यावर सांध्यातून लालसर काळे तेल बाहेर येईल. ते कापडाने पुसा, पाते उघडा, मिटा, पुन्हा तेल, पुन्हा पुसा. तेल स्वच्छ येईपर्यंत हे चालू द्या. पात्यावरचा लाल गंज तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीच्या कडेने तेलात खरवडा. तांबे-पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि पोलादावर ओरखडे पडत नाहीत. लाल गंज निघाल्यावर खाली काळसर, करडा थर दिसेल. तो राहू द्या. साध्या कार्बन पोलादावर वापराने चढलेला तो थर आहे आणि नव्या गंजाला तो थोडी आडकाठीही करतो.

आता मी हे कोणत्या अधिकाराने सांगतो ते. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये माझी एकतीस वर्षे गेली. डाय, पंच, पोलाद तापवणे, विझवणे, पाणी देणे हा रोजचा धंदा होता. पण चाकूचा नाद त्याच्याही आधीचा, आजोबांमुळे लागलेला. आजोबा मोडी लिहायचे, बोरूने. बोरू तासायला त्यांच्याकडे बोटभर लांबीचा एक चाकू होता. आधी लांब तिरका छेद घेऊन बोरूचे पोट उघडे करायचे, आतला मऊ गर खरवडायचा, टोकाला मधोमध एक बारीक चीर द्यायची, आणि शेवटी बोरू लाकडाच्या तुकड्यावर धरून टोक एका झटक्यात तिरके छाटायचे. हा शेवटचा छेद नीट बसला तर अक्षराला जाड-बारीक वळण येते. पाते बोथट असेल तर बोरूचे तंतू पिंजतात आणि शाई पसरते. आजोबा तो चाकू दुसऱ्या कशालाही लावत नसत. सुपारीला तर नाहीच, तिला अडकित्ता.

तेच आजोबा पावसाळ्यात कोकणातल्या वाडीत आंब्याची कलमे बांधायचे. त्यासाठी वेगळा चाकू, थोडा मोठा, सरळ धारेचा. खुंट छाटायचा, मध्ये चीर द्यायची, कलमकाडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरके छेद घेऊन पाचर करायची आणि ती चिरेत बसवून घट्ट बांधायची. तिथेही गणित तेच. छेद एका ओढीत, गुळगुळीत हवा. पाते अडखळले तर सालीखालचा जिवंत थर चेंगरतो, दोन काड्यांचा थर थराला भिडत नाही आणि कलम वाळते. मराठीत लेखणीही कलम आणि आंब्याचेही कलम. लहानपणी मला हा नुसता शब्दांचा योगायोग वाटे. पुढे हातात पाते आल्यावर कळले की दोन्ही कलमे एका स्वच्छ तिरक्या छेदावर उभी असतात, आणि तो छेद देणारा चाकू खिशात मावणाराच असतो.

हे सगळे सांगायचे कारण असे की जुन्या खिशातल्या चाकूकडे बघण्याची माझी रीत इथूनच आली. प्रत्येक जुन्या घाटामागे एक काम असते. ते काम कळले की चाकू ओळखता येतो, निवडता येतो, बाळगता येतो. काम न कळता जमवलेला चाकू खोक्यात पडून राहतो.

काही उदाहरणे देतो. इंग्रजीतला पेननाइफ हा शब्द हंसाच्या पिसाची लेखणी तासायच्या छोट्या चाकूवरून आला. म्हणजे आजोबांच्या बोरूच्या चाकूचा तो विलायती भाऊ. अमेरिकेतल्या गुराख्यांचा स्टॉकमन नावाचा चाकू तीन पात्यांचा असतो. एक टोकदार पाते सर्वसाधारण कामाला, एक सरळ धारेचे, आणि तिसरे बोथट टोकाचे पाते जनावरांचे खच्चीकरण करताना नको तिथे टोक घुसू नये म्हणून. फ्रान्समधल्या लागिओल गावाच्या चाकूला एक टोचणी असते. गुरांचे पोट फुगले की तिने भोक पाडून वायू काढत. खलाशांच्या चाकूला टोक नसते, कारण हलत्या डेकवर टोक धोक्याचे. त्याऐवजी दोराची गाठ सोडवायला जाड खिळा असतो. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८९१ मध्ये जो चाकू घेतला त्यात पात्याबरोबर डबा उघडायचे साधन, टोचणी आणि बंदूक खोलायला पेचकस होता. कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये त्याची हलकी आवृत्ती नोंदवली. तिच्यात एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची अवजारे बसवली होती, आणि जगभर ओळखला जाणारा लाल चाकू तिथून पुढे आला. टूलरूमवाल्याच्या नजरेने मला ती कल्पना आजही अतिशय देखणी वाटते.

तुमच्या चाकूची रचनाही समजून घ्या, कारण सुरक्षितपणाही तिच्यातच आहे. पात्याच्या मुळाला एक चौकोनी ठोकळा असतो आणि मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते. पट्टी ठोकळ्यावर दाबून बसते. पाते उघडताना ठोकळ्याचा कोपरा पट्टीला वर उचलतो. पाते पुरे उघडले की ठोकळ्याची सपाट बाजू पट्टीखाली येते आणि पट्टी टक् करून बसते. चांगल्या कारागिराच्या चाकूत हा आवाज कोरडा, नेमका येतो आणि पाते डावी-उजवीकडे हलत नाही. उघड्या आणि मिटलेल्या, दोन्ही अवस्थांत पट्टीची पाठ मुठीच्या पाठीशी सपाट आली तर समजा की घासून बसवणाऱ्याने जीव ओतला आहे. ते दोन्हीकडे साधणे किती कठीण आहे हे मी स्वतः बनवून पाहिले आहे.

पण हे ध्यानात ठेवा: या रचनेत कुलूप नाही. पाते फक्त पट्टीच्या दाबावर उभे असते. टोकाने भोसकल्यासारखे किंवा पाठीवर दाब येईल असे काम केले तर ते मिटते आणि धार बोटांवर येते. ओढून कापायचे, ढकलून खुपसायचे नाही. चाकू दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा. आपल्या घरांत कात्री-सुरी हातात देत नाहीत, खाली ठेवतात, मग दुसरा उचलतो. भांडण होते म्हणतात. कारण काहीही सांगोत, सवय उत्तम आहे, ती ठेवा.

आता आईंची काळजी. ती रास्त आहे आणि तिला मान द्या. पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयत्याने माजवलेल्या दहशतीच्या बातम्या त्यांनी वाचल्या आहेत, त्यामुळे चाकू म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे ते येते. कायदा काय म्हणतो ते सरळ सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्यांत धारदार शस्त्रांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. तुमच्या आजोबांच्या चाकूचे पाते फार तर अडीच-तीन इंचांचे असेल. या यादीपासून ते पुष्कळ दूर आहे.

एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त शांतता-सुव्यवस्थेसाठी मनाई आदेश काढतात. त्यात तलवारी, भाले, काठ्या यांच्याबरोबर चाकूही येतो आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू येते. तिथे इंच मोजत नाहीत. निवडणुका, सण, मोर्चे, तणाव अशा वेळी हे आदेश निघतात आणि वर्तमानपत्रांत छापून येतात. ते वाचायची सवय लावा. त्या काळात चाकू घरी. गणपतीच्या गर्दीत, रात्रीच्या मिरवणुकीत, राजकीय सभेत चाकू नेऊच नका, आदेश असो वा नसो. विमानात केबिनच्या पिशवीत चाकू चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत नीट गुंडाळून ठेवा. न्यायालय, सरकारी कचेऱ्या, मेट्रो, मॉल, चित्रपटगृह, तपासणी होणारी देवळे, सगळीकडे तोच प्रश्न येतो. हिंजवडीच्या तुमच्या कंपनीच्या फाटकावर बॅग तपासत असतील, तर तिथले नियम आधी विचारून घ्या.

खिशाबद्दल माझा स्वतःचा नियम असा आहे: ज्या दिवशी कामाचे नाव सांगता येते त्या दिवशी चाकू बरोबर. रविवारी सिंहगडावर कैरी, पेरू कापायचे आहेत, बागेत छाटणी आहे, शेतावर जायचे आहे, तर चाकू खिशात. नुसते लक्ष्मी रोडला खरेदीला जायचे असेल तर तो टेबलाच्या खणात राहतो. कोणी विचारले तर उत्तर एका वाक्यात आणि खरे असले पाहिजे. "संरक्षणासाठी ठेवतो" हे उत्तर ज्याच्या मनात असेल त्याने चाकू बाळगूच नये, हे मी मनापासून सांगतो. त्यामुळे तो स्वतः अडचणीत येतो आणि चाकूचे नावही बदनाम होते. बटण दाबून उघडणारे, मोठ्या पात्याचे चाकू मी खिशात ठेवत नाही आणि नवशिक्याला घ्या म्हणत नाही. रामपूरच्या कारागिरांची कला मोठी होती, तिथला जुना चाकू अभ्यासासाठी पाहावा असाच असतो. पण पुण्याच्या रस्त्यावर खिशातून निघायची ती वस्तू नव्हे.

आजोबांचा चाकू रोज बाळगावा का? माझे मत, नाही. त्याला आठवड्यातून एखादे हलके काम द्या. पेन्सिलला टोक करा, पत्र उघडा, बोरू मिळाला तर तासा. रोजच्या धबडग्याला एक नवा, साधा चाकू घ्या. ओपिनेल हा फ्रान्सच्या सावॉय भागातला शेतकऱ्यांचा चाकू. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये बनवला, १९५५ पासून त्याला पाते अडवणारी फिरती कडी आली. सात नंबरचे पाते ८ सेंटिमीटरचे, खिशाला बेताचे. फळे कापायला याच्याइतके पातळ आणि गोड चालणारे पाते शोधून सापडणार नाही. मात्र त्याची मूठ बीच लाकडाची. जुलैत पुण्याची हवा ओली झाली की लाकूड फुगते आणि पाते मुठीत अडकते. मुठीचा मागचा कोपरा टेबलावर हलकेच ठोकला की पात्याचे टोक बाहेर डोकावते. उन्हाळ्यातच सांध्याच्या खाचेत जवसाचे तेल दोन-तीनदा मुरवून वाळवले तर हा त्रास बराच कमी होतो. लाकूड नको असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचा ॲल्युमिनियमच्या मुठीचा एखादा छोटा चाकू घ्या. पोलाद गंजरोधक, धार लवकर लागते, पावसाळ्यात काळजी नाही. दोन्हींपैकी एकच घ्या आणि वर्षभर वापरा. वर्षभरात तुमचा हात तुम्हाला सांगेल की पुढचा चाकू कसा हवा.

धारेबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण माझी पहिली मोठी चूक इथलीच. विशी-बाविशीत मी आजोबांचा कलमांचा चाकू दारावर आलेल्या धारवाल्याकडे दिला. त्याने सायकल उभी करून, पायडल मारत, कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत पाच मिनिटांत वस्तऱ्यासारखी धार करून दिली. मला आनंद झाला. टोकाजवळ बोटभर पट्टा निळा पडला होता, तो मला रंग वाटला. पुढे टूलरूममध्ये उस्तादांनी तो पाहिला आणि काही न बोलता पोलादाच्या पट्ट्या बर्नरवर धरून दाखवल्या. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. साध्या कार्बन पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, साधारण २०० अंशांच्या बेताने ठरवलेले असते. निळ्यापर्यंत गेले की तेवढा भाग नरम पडला. त्या टोकाला पुन्हा कधी धार टिकली नाही. धारवाल्याचा दोष नव्हता. कोयता, विळी, मोठी सुरी यांना त्याचे चाक चालते, तीन मिलिमीटरच्या नाजूक पात्याला मी न्यायला नको होते. तो चाकू अजून माझ्याकडे आहे आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तो निळा डाग दाखवतो.

तेव्हा धार हाताने, दगडावर. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. सुरुवातीला बारीक बाजूच वापरा. दगड ओला करा. पाते सपाट ठेवून पाठ थोडी उचला. पाते १२ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ साधारण साडेतीन मिलिमीटर उचलली की कोन सतरा-अठरा अंशांचा येतो. दोन नाणी एकावर एक ठेवून तेवढी उंची डोळ्यांत बसवून घ्या, मग नाणी काढा. दगडावरून पातळ पापुद्रा काढल्यासारखे पाते पुढे न्या. एक बाजू घासताना दुसऱ्या बाजूवर बारीक बर, म्हणजे धातूची उलटलेली कड, उठेपर्यंत थांबू नका. ती बोटाने आडवी चाचपल्यावर केसासारखी लागते. ती लागली की बाजू बदला. मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने दाब कमी करत न्या आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलट दिशेने दहा-बारा वेळा ओढा. पिकलेल्या टोमॅटोची साल दाब न देता कापली गेली की काम झाले. कलमांच्या चाकूंना बऱ्याचदा एकाच बाजूने उतार असतो. त्यांना दोन्ही बाजूंनी घासले तर त्यांचा धर्मच जातो, छेद सरळ येत नाही. घासण्याआधी पाते उजेडात धरून उतार कुठे आहे ते पाहा.

तेल कोणते? सांध्यात आणि पात्यावर लिक्विड पॅराफिन. औषधाच्या दुकानात मिळते, खाण्याच्या कामालाही चालते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावू नका. ते काही महिन्यांत चिकट होते, धूळ धरते, आणि खोबरेल तर डिसेंबरच्या थंडीत सांध्यातच थिजते. आणि चाकू कधीही चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली रसायने पोलादाला डसतात. जूनच्या आधी सगळे चाकू पुसून, तेल लावून, सुती कापडात वेगवेगळे गुंडाळून ठेवा.

आता तुमच्या पिवळसर मुठीकडे येतो. ती हस्तिदंताची असेल असे तुम्ही धरून चालला आहात. बहुधा ती सेल्युलॉइडची असेल. हस्तिदंताच्या आडव्या कापात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइडमध्ये रेषा मोजून ओढल्यासारख्या समांतर असतात. अंगठ्याने मिनिटभर जोरात चोळा आणि वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते बनवताना कापूर घालतात. तापलेली सुई टोचून पाहायचा सल्ला कोणी देईल, तो मानू नका, सेल्युलॉइड भडकन पेट घेते.

सेल्युलॉइड जुने झाले की कुजते आणि त्यातून आम्लधर्मी वायू निघतो. मला हे एका पावसाळ्याने शिकवले. सागवानी डब्यात सहा चाकू ठेवले होते, झाकण घट्ट. दसऱ्याला पूजेसाठी डबा उघडला तर आंबट-कापरी वास आला. एका पिवळ्या मुठीवर बारीक चिरा पडल्या होत्या आणि तिच्या शेजारच्या पाचही चाकूंची पाती लाल झाली होती. त्यातले दोन मला फार प्रिय होते. तेव्हापासून अशी मूठ असलेला चाकू मी एकटा ठेवतो, हवा खेळेल अशा कप्प्यात, उन्हापासून दूर. तुमचा चाकूही तसाच ठेवा, आणि मुठीवर चिरा, घाम आल्यासारखा ओलावा किंवा वास दिसला तर लगेच बाकीच्यांपासून दूर करा.

हस्तिदंतच निघाला तर वेगळी जबाबदारी येते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे आणि वस्तू घरात ठेवायलाही मालकी प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. वन विभागाच्या कार्यालयात जाऊन रीतसर विचारा. सांबरशिंगाच्या मुठींबद्दलही सावध राहा. एके काळी इंग्लंडमधले शेफिल्ड, जर्मनीतले झोलिंगेन आणि अमेरिका इथल्या नामांकित चाकूंना आपल्या जंगलांतले सांबरशिंग जात असे. आज आपल्याकडे त्याचा व्यापार चालत नाही. कोणी "जुना माल आहे" म्हणून देऊ लागला तरी हात मागे घ्या. लाकूड, म्हशीचे शिंग, हाड, पितळ, एवढ्यात जन्मभर पुरेल इतके सौंदर्य आहे.

जमवण्याविषयी. नातूबागेतले राजा केळकर संग्रहालय पाहिले नसेल तर एक चाकूही विकत घेण्याआधी तिथे जा आणि अडकित्त्यांसमोर तास घालवा. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, आपल्या गेलेल्या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले आणि पुढे १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. अडकित्त्याचे काम एकच, सुपारी फोडणे. दोन दांड्या आणि एक खीळ. त्यावर घोडे, पोपट, माणसे, काय काय घडवले आहे! एका कामाभोवती फिरणारा संग्रह किती बोलतो हे तिथे समजते. तुम्हीही एक काम धरा. मी लेखणीचे आणि आंब्याचे, असे दोन कलमांचे चाकू धरले, आणि पस्तीस वर्षांत ते शंभरही झाले नाहीत. मला त्यांतल्या प्रत्येकाची गोष्ट पाठ आहे.

खरेदीला मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार आणि रविवार. सकाळी लवकर जा. खडकी आणि कॅम्प या छावण्या असल्याने इथे जुने लष्करी चाकूही निघतात. खलाशी पद्धतीचा, जाड खिळा असलेला, पात्यावर किंवा मुठीवर बाणाचे चिन्ह ठोकलेला दिसला तर तो ब्रिटिश सरकारी माल, बऱ्याचदा सालही ठोकलेले असते. चाकू हातात घेतल्यावर आधी पाते मिटून टोक पाहा. टोक मुठीबाहेर येत असेल तर पाते फार घासले गेले आहे किंवा बदललेले आहे. मग पात्याची रुंदी मुळापासून टोकापर्यंत पाहा, मधेच कंबर बारीक झालेली असेल तर तो चाकाचा प्रताप. मुठीच्या खिळ्यांभोवती चिरा पाहा. अक्षरांचे काठ पाहा. जुना ठसा घणाने ठोकलेला असतो, त्याच्या खोलीत काळेपणा असतो. वरवर कोरलेली उथळ, स्वच्छ अक्षरे जुन्या पात्यावर शोभत नाहीत. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्ससारख्या मोठ्या नावांची नक्कल त्या काळातही खूप झाली, तेव्हा नाव वाचून भारावू नका, काम पाहा. ठसा अमेरिकेतल्या 'केस' (Case) या कंपनीचा असेल तर सोपे पडते. १९७० पासून त्यांनी नावाखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक कमी केला, ठिपके मोजले की त्या दशकातले साल कळते.

घेतलेल्या प्रत्येक चाकूसाठी वहीत एक पान ठेवा. कधी, कुठे, कितीला घेतला, पात्याची लांबी, ठसा जसाच्या तसा काढून, आणि तुम्ही काय दुरुस्ती केली ते. खीळ बदलली तर तेही लिहा. पुढच्या माणसाला मूळ काय आणि तुमचे काय हे कळले पाहिजे. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, हे परदेशातल्या मित्राला भेट द्यायच्या आधी लक्षात घ्या.

तुमच्या आजोबांच्या चाकूचे पान पहिले करा. त्यात आईंना विचारून लिहा, आजोबा त्याने काय करायचे. पेन्सिली तासायचे, की पानाचे देठ खुडायचे, की नुसता खिशात असायचा? त्यांना आठवेल. घरातली ती भीतीही अशा बोलण्याने थोडी सैल होते, असा माझा अनुभव आहे.

आणि तेलाचा चौथा-पाचवा हात झाला की पात्याचे मूळ मऊ टूथब्रशने, तेल लावूनच साफ करा आणि तिरप्या उजेडात पाहा. मुकुटाच्या एका बाजूला व्ही आणि दुसऱ्या बाजूला आर असेल तर चाकू राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे १९०१ च्या आधीचा धरता येईल. जी आणि आर असेल तर तो जॉर्ज राजांच्या काळातला, आणि तुमच्या चाकूची मूठ पाहता, बहुधा १९१० ते १९५२ यांच्या मधला, त्यातही १९३६ मधली एडवर्ड राजाची थोडी फट सोडून. खाली रस्त्याचे नाव किंवा गावाचे नाव असेल. दिसेल तसे कागदावर उतरवून घ्या, अंदाजाने अक्षर पुरे करू नका, आणि मला कळवा.